पोस्टमनचा एमसीपी सर्व्हर: एआय एजंटच्या हाती एपीआयचा आराखडा देताना

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलण्याची ठरवून दिलेली पद्धत. तिचा आराखडा एका ठिकाणी, कोड दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंतील तफावत तिसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात येणार, ही सॉफ्टवेअर क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे. एआय एजंट, म्हणजे सूचनेवरून स्वतः कामे करणारे एआय सहायक, कोड लिहू लागल्यापासून ती अधिकच ठणकू लागली, कारण एजंटला समोरची फाइल दिसते, परंतु ज्या एपीआयला तो कॉल करणार आहे त्याचा आराखडा दिसत नाही. मग तो नावावरून अंदाज बांधतो आणि अस्तित्वातच नसलेले फील्ड खात्रीने लिहून मोकळा होतो. एपीआय तयार करण्याचे व तपासण्याचे साधन असलेल्या पोस्टमनने आपल्या व्यासपीठासाठी उपलब्ध करून दिलेला एमसीपी सर्व्हर नेमकी ही उणीव भरून काढतो. दूध संकलनाच्या प्रणालीचे काम करताना आम्ही तो नियमितपणे वापरत आहोत. जोडणी म्हणून तो उत्तम आहे, यात मला शंका नाही. मात्र त्याचा खरा लाभ किती होईल, हे आपण आराखडा किती काळजीपूर्वक लिहिला आहे आणि एजंटला किती मोकळीक दिली आहे यावर ठरते.

एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये तो खुला केला. त्यापूर्वी प्रत्येक एजंट आणि प्रत्येक सेवा यांच्यासाठी निराळी जोडणी लिहावी लागे. आता सेवेने एकदा एमसीपी सर्व्हर दिला की तो प्रोटोकॉल जाणणारा कोणताही एजंट त्याच्याशी जेसन-आरपीसी 2.0 या ठरलेल्या संदेशपद्धतीतून बोलू शकतो. बेंगळुरूत अभिनव अस्थाना यांनी 2012 मध्ये जोडप्रकल्प म्हणून सुरू केलेल्या पोस्टमनची पुढे मोठी कंपनी झाली आणि आपल्याकडच्या अनेक चमूंची कलेक्शन्स, म्हणजे एपीआय कॉलचे जतन केलेले संच, आज तेथेच साठवलेली आहेत. त्यामुळे या सर्व्हरची दखल घेणे आवश्यक वाटले.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. पहिला दूरस्थ सर्व्हरचा: एजंटच्या सेटिंगमध्ये पोस्टमनने दिलेला पत्ता टाकायचा, ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने लॉगिन करून परवानगी द्यायची आणि काम सुरू करायचे. दुसरा मार्ग स्थानिक सर्व्हरचा, ज्यासाठी संगणकावर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारे सॉफ्टवेअर) असावे लागते आणि पोस्टमनची एपीआय की, म्हणजे खात्याची गुप्त किल्ली, द्यावी लागते. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हीएस कोड या एडिटरच्या एमसीपी फाइलमध्ये वरचा शब्द नुसता 'सर्व्हर्स' असा असतो, तर कर्सरमध्ये तोच 'एमसीपीसर्व्हर्स' असा जोडून लिहावा लागतो; एका एडिटरची फाइल दुसऱ्यात जशीच्या तशी चिकटवली तर सर्व्हर यादीत दिसतच नाही आणि दोष कशात आहे ते सहजी उमगत नाही. की मात्र या फाइलमध्ये उघडी लिहू नये, कारण ही फाइल प्रकल्पासोबत गिटमध्ये, म्हणजे चमूच्या सामायिक कोडसाठ्यात, जाते. व्हीएस कोडमध्ये की विचारून घेऊन ती सुरक्षित ठेवण्याची सोय आहे, तीच वापरावी.

सर्व्हर तीन प्रकारांनी चालवता येतो: मिनिमल, कोड आणि फुल. फुलमध्ये शंभराहून अधिक टूल्स, म्हणजे एजंटला करता येण्याजोग्या क्रिया, एजंटच्या हाती येतात. ऐकायला हे आकर्षक वाटते, पण माझा सल्ला स्पष्ट आहे: फुलपासून सुरुवात करू नये. प्रत्येक टूलचे नाव, वर्णन आणि त्याला लागणारी सारी पॅरामीटर्स मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी वाचाव्या लागणाऱ्या मजकुरात, भरली जातात, म्हणजे कामाला हात घालण्यापूर्वीच टोकन (मजकूर मोजण्याचे तुकडे) खर्च होऊ लागतात आणि सारख्याच नावांच्या टूल्समधून योग्य ते निवडणे मॉडेललाही जड जाते. शिवाय या गर्दीत कलेक्शन किंवा वर्कस्पेस (चमूची सामायिक कामाची जागा) काढून टाकणारी टूल्सही असतात. रोजच्या कामासाठी, म्हणजे वर्कस्पेस पाहणे, स्पेसिफिकेशन (एपीआयचा लेखी आराखडा) तयार करणे, त्यावरून कलेक्शन काढणे आणि मॉक सर्व्हर (नमुना उत्तरे देणारा तात्पुरता सर्व्हर) उभा करणे यासाठी मिनिमल पुरेसा आहे. कोड हा प्रकार एपीआयची व्याख्या शोधून त्याबरहुकूम क्लायंट कोड, म्हणजे त्या एपीआयला कॉल करणारा कोड, लिहिण्यासाठी आहे.

आता प्रत्यक्ष काम. संकलन केंद्रावर सभासदाचे दूध मोजल्यावर जी नोंद होते तिच्यासाठी ओपनएपीआय 3.1 या आराखड्याच्या प्रमाण लेखनपद्धतीत स्पेसिफिकेशन तयार करावे, असे एजंटला सांगितले. नोंदीत सभासद क्रमांक, दिनांक, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटखेरीज घन पदार्थ), दर आणि रक्कम एवढी फील्ड होती. एजंटने आधी वर्कस्पेस शोधला, पोस्टमनच्या स्पेक हब या विभागात स्पेसिफिकेशन तयार केले आणि त्यावरून कलेक्शन काढण्याचे काम सुरू केले. हे शेवटचे काम पोस्टमन पार्श्वभूमीवर करते आणि त्याची स्थिती निराळ्या टूलने विचारावी लागते. 'स्थिती पाहूनच काम झाल्याचे सांग' अशी सूचना एजंटला आधीच दिलेली बरी. एडिटर न सोडता हे सारे उभे राहते, आणि या सोयीची एकदा सवय झाली की मागे जावेसे वाटत नाही.

पण तयार झालेला आराखडा वाचताना डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो. एसएनएफ काही वेळा रिकामे राहू शकते, असे एजंटला सांगितले होते. त्याने त्या फील्डखाली 'नलेबल: ट्रू' असे लिहिले. ओपनएपीआय 3.0 मध्ये ते बरोबर ठरले असते. परंतु फेब्रुवारी 2021 मध्ये आलेल्या 3.1 मध्ये हा शब्दच काढून टाकलेला आहे आणि तेथे प्रकारांच्या यादीत 'नल' स्वतंत्रपणे लिहावे लागते. याचा परिणाम असा की फाइल वरवर निर्दोष दिसते, पण त्या ओळीला काही अर्थ उरत नाही आणि रिकामे एसएनएफ आले की तपासणी अडते. हा दोष जोडणीचा नव्हे, मॉडेलचा आहे. जोडणी उत्तम असली तरी तो तिच्यातून तसाच पुढे जातो.

दुसरी बाब अधिक मोलाची आहे. एजंटने दर आणि रक्कम ही दोन्ही फील्ड क्लायंटने पाठवायची म्हणून लिहिली होती. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही चूक नाही. व्यवहारात मात्र दर दूध संघाच्या दरपत्रकावरून, फॅट व एसएनएफ पाहून ठरतो; ती रक्कम केंद्रावरील यंत्राकडून स्वीकारली तर वादाला आमंत्रण दिल्यासारखे होईल. ही दोन फील्ड केवळ वाचनासाठी असावीत आणि त्यांचा हिशेब सर्व्हरनेच करावा, हा निर्णय व्यवहार जाणणाऱ्या माणसाचा आहे आणि तो एजंटला अंदाजाने कळणार नाही. तो कळावा यासाठी वर्णनाची जागा आहे. प्रत्येक फील्डखालचे वर्णन आजवर अनेक चमू शोभेपुरते लिहीत किंवा रिकामेच सोडत. एजंट मात्र ते वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. 'सत्र बंद झाल्यावर नोंद बदलता येणार नाही. तसा प्रयत्न झाल्यास 409 हे उत्तर मिळेल' असे एक वाक्य आम्ही वर्णनात घातले, आणि त्यानंतर कोड प्रकारात एजंटने लिहिलेल्या क्लायंटमध्ये 409 या 'संघर्ष' सांगणाऱ्या उत्तर-क्रमांकासाठी वेगळा संदेश आणि बदल करण्याचे बटण बंद ठेवण्याची तजवीज न सांगता आली. या एका गोष्टीसाठी मी ही जोडणी कुणालाही आनंदाने सुचवेन.

सुरक्षिततेबाबत हयगय नको. पोस्टमनची एपीआय की ज्या खात्याची असते त्या खात्याचे सर्व अधिकार तिच्यासोबत येतात. म्हणून एजंटसाठी मोजक्याच वर्कस्पेसमध्ये प्रवेश असलेले स्वतंत्र खाते ठेवणे शहाणपणाचे आहे. वाचणाऱ्या टूल्सना सरसकट संमती देण्यास हरकत नाही, पण बदल करणाऱ्या प्रत्येक टूलसाठी एजंटने विचारलेच पाहिजे. अनोळखी सार्वजनिक कलेक्शन वाचायला देतानाही सावध असावे, कारण त्याच्या वर्णनात कुणी दडवलेली सूचना मॉडेल आज्ञा समजून पाळू शकते.

पोस्टमनच्या एपीआयला योजनेनुसार मासिक मर्यादा असते आणि एजंट माणसापेक्षा कितीतरी अधिक कॉल करतो, हे मोठ्या चमूंनी हिशेबात धरावे. ज्यांना आराखडा केवळ वाचून कोड लिहायचा आहे त्यांनी पोस्टमनसारखेच साधन असलेल्या एपिडॉगचा एमसीपी सर्व्हरही पाहावा. आणि ज्यांचे ओपनएपीआयचे यामल (आराखड्याची मजकूर फाइल) आधीच कोडच्या शेजारी, त्याच गिट रिपॉझिटरीत आहे, त्यांना निव्वळ वाचनासाठी अशा कोणत्याही सर्व्हरची गरज नाही. एजंट ती फाइल थेट उघडू शकतो. कलेक्शन, मॉक आणि स्पेसिफिकेशन हे तिन्ही पोस्टमनमध्येच नांदत असतील आणि चमूतील कोड न लिहिणारी मंडळीही ते पाहत असतील, तर मात्र हा सर्व्हर मिनिमल प्रकारात आजच जोडून घ्यावा.