‘नवीन रोड रॅश’च्या नादात माझे वीस हजार गेले

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी अकाउंट्समध्ये काम करतो. ऑफिसात कुणाला अनोळखी लिंक आली की ‘उघडू नका हो’ म्हणून ओरडणारा मीच. आणि बेचाळिसाव्या वर्षी मलाच गंडवलं, तेही एका गेमवरून.

१९९९-२००० च्या सुमारास मिरजेत आमच्या घराजवळ एक सायबर कॅफे होता, तासाला तीस रुपये. घरी सांगायचो इंटरनेट शिकायला जातो, खरं काम एकच: रोड रॅश. विंडोजवर १९९६ साली आलेला बाइक-शर्यतीचा गेम तो. भर शर्यतीत शेजारच्याला लाथ घालून समोरच्या गाडीवर ढकलायचं, कुणी साखळी उगारली की नेमक्या क्षणी ती हिसकावून त्यालाच हाणायची. आपण उडून पडलो की धापा टाकत रस्त्यावरून पळत बाइक गाठायची, आणि तेवढ्यात पोलीस आला तर खेळ खलास. त्यात साउंडगार्डन नावाच्या बँडचं गाणं वाजायचं. ते साउंडगार्डन आहे हे मला दहा वर्षांनी कळलं. २००० साली ‘जेलब्रेक’ नावाचा भाग आला आणि पुढे ती मालिका थंडावली.

गेल्या दिवाळीत फोनवर जाहिरात दिसली: ‘रोड रॅश परत आलाय. मूळ टीमचा नवा गेम. फाउंडर पॅक फक्त ७९९.’ फाउंडर पॅक म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून घेतलेली प्रत. खाली चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ. बाइकवर बाइक, पाइपने हाणामारी, अगदी तस्संच. मी तो चार वेळा बघितला.

मला यातलं थोडंफार कळतं, आणि घात तिथेच झाला. जुन्या गेमचे चाहते किंवा कधी कधी तो बनवणारेच लोक वेगळे होऊन त्याच धाटणीचा नवा गेम काढतात, त्याला स्पिरिच्युअल सक्सेसर म्हणतात. मी त्याला मानसपुत्र म्हणतो. दत्तकसुद्धा नाही, दत्तकाला निदान आडनाव मिळतं. १९९९च्या सिस्टम शॉक २ नंतर केन लेव्हिनने २००७ साली बायोशॉक आणला, तो असाच. शहर वसवायच्या सिमसिटी या गेमवाल्यांनी नाराज केलेली जनता २०१५ साली सिटीज: स्कायलाइन्सकडे वळली. स्टारड्यू व्हॅली तर एरिक बॅरोन या एकट्या माणसाने हार्वेस्ट मून या शेतीच्या जुन्या गेमच्या प्रेमापोटी बनवला आणि २०१६ साली बाजारात आणला. तेव्हा रोड रॅशचाही मानसपुत्र येत असेल, तर त्यात संशय घेण्यासारखं मला काहीच दिसलं नाही.

क्यूआर कोड स्कॅन केला, ७९९ भरले. लगेच टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. दोन हजारांवर सभासद, पण लिहायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला. हे तेव्हा खटकायला हवं होतं. अ‍ॅडमिनशी वैयक्तिक बोलता यायचं, आणि तो चक्क मराठीत बोलायचा. ‘दादा, तुमच्यासारख्या जुन्या लोकांसाठीच करतोय.’ दादा म्हटल्यावर मी विरघळलो.

गेम २६ जानेवारीला येणार होता. आला नाही. मी विचारलं, तर त्याने मलाच शिकवलं: ‘दादा, मायटी नंबर ९ला किती उशीर झाला माहितीये ना? ब्लडस्टेन्डला?’ माहिती होतं. मेगा मॅन या जुन्या गेमशी नाव जोडलेल्या केइजी इनाफुनेने २०१३ साली मायटी नंबर ९साठी नऊ लाख डॉलर मागितले, लोकांनी अडतीस लाखांहून जास्त दिले, आणि तारखा पुढे ढकलत ढकलत तो २०१६ साली आला. लोक नाराज झाले, पण गेम हातात तरी पडला. कॅसलव्हेनिया गेमवाल्या कोजी इगाराशीच्या ब्लडस्टेन्डला २०१५ ते २०१९ अशी चार वर्षं लागली, आणि तो झकास निघाला. म्हणजे अ‍ॅडमिन बोलत होता ते सगळं खरं होतं. खोट्याला खऱ्याचा असा मुलामा दिला की माझ्यासारख्या अर्धवट जाणकाराला तो जास्तच पटतो. मी उलट त्याला ‘घाई करू नका, नीट बनवा’ असं लिहिलं. ते मेसेज अजून आहेत, वाचवत नाहीत.

मार्चमध्ये एका रात्री साडेदहाला फाइल आली. ‘फक्त फाउंडर्ससाठी बीटा.’ बीटा म्हणजे चाचणीची आवृत्ती. एपीके फाइल, म्हणजे थेट फोनवर इन्स्टॉल करायची, प्ले स्टोअरवर नाही. फोनने लाल इशारा दिला, मी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. बाइक पळवायच्या गेमला माझे मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न मनात आला होता, खोटं कशाला सांगू. पण समोर बाइकचं चित्र होतं आणि खाली ‘लोडिंग’ची पट्टी नव्वद टक्क्यांवर अडली होती. मग आलं की वय पडताळणीसाठी डेबिट कार्डवरून एक रुपया भरा. कार्डचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं मी स्वतःच्या हाताने भरलं. ओटीपी येईल म्हणून वाट बघत बसलो. तो मला दिसलाच नाही, कारण माझ्याआधी तो त्या अ‍ॅपने वाचून पुढे पाठवला होता.

अकराच्या सुमारास बायको म्हणाली, ‘अहो, बँकेचा मेल कसला आलाय?’ तो मेल पत्ता आमचा दोघांचा आहे, म्हणून कळलं. एसएमएस आलेच नव्हते. ९,९९९, परत ९,९९९, मग ४,९९९. गिफ्ट व्हाउचर घेतली होती.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकला. अ‍ॅप काढायला गेलो तर निघेना. त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनची (फोनवर ताबा ठेवायची) परवानगी घेऊन ठेवली होती, ती सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करावी लागते. बायकोच्या फोनवरून बँकेचं कार्ड ब्लॉक केलं आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावला. दुसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे व्यवहारांचे नंबर, वेळा, रकमा विचारल्या. पोचनंबर मिळाला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण केली. जे करायचं ते लगेच करा, सकाळची वाट बघू नका. माझे शेवटचे ४,९९९ अडवले गेले ते फक्त तेवढ्या धावपळीमुळे. बाकीची व्हाउचर वापरून झाली होती. बँकेत गेलो तर त्यांनी कागद पुढे केला: कार्डची माहिती ग्राहकाने स्वतः दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. नियम तसाच आहे, वाद घालण्यात अर्थ नव्हता.

खरा तमाशा पुढच्या रविवारी झाला. भाच्याला तो व्हिडिओ दाखवला. त्याने पाच सेकंद बघितला आणि म्हणाला, ‘मामा, हा रोड रिडेम्प्शन आहे.’ रोड रॅशचा मानसपुत्र खरंच अस्तित्वात होता! २०१३ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांकडून दीड लाखाहून जास्त डॉलर जमवून सुरू झालेला आणि २०१७ पासून पीसीवर रीतसर मिळणारा. चोरांनी त्याचंच चित्रण उचललं, लोगो कापला आणि वर जुनं नाव चिकटवलं.

आणि ते नावच खोटेपणाचा पुरावा होतं. मला सगळे दाखले तोंडपाठ, पण त्यांच्यातली एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नाही: बायोशॉक, स्कायलाइन्स, स्टारड्यू, मायटी नंबर ९, ब्लडस्टेन्ड, एकाचंही नाव जुनं नाही. जुनं नाव जुन्या कंपनीच्या मालकीचं असतं, म्हणून तर मानसपुत्राला नवं नाव घ्यावं लागतं. रोड रॅशचं नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे. त्यांचा नवा गेम असता तर तो त्यांच्याच साइटवर असता, टेलिग्रामवरच्या ‘दादा’कडे नाही.

भाच्याने तिथल्या तिथे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून मला रोड रिडेम्प्शन घेऊन दिला. तिथे चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, हेही त्यानेच सांगितलं. मी परत केला नाही. बरा आहे, फक्त बंदुका जरा जास्त आहेत.

तो टेलिग्राम ग्रुप अजून चालू आहे. तक्रारीत त्याची लिंक दिलीय. गेल्या आठवड्यात त्याचं नाव बदललं: आता तिथे ‘नवीन क्रिकेट ०७’ येतोय, फाउंडर पॅक ५९९. सभासद तीन हजारांच्या पुढे गेलेत, आणि लिहायची मुभा अजूनही फक्त अ‍ॅडमिनला आहे.