एका बैठकीतील रूट कॅनल की तीन बैठकींतील? दोन दात, दोन दवाखाने

गेल्या दीड वर्षात माझ्या दोन दातांचे रूट कॅनल झाले. खालच्या डाव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचे साताऱ्यातील एका जुन्या दवाखान्यात तीन बैठकींत झाले आणि वरच्या उजव्या उपदाढेचे पुण्यातील एका नव्या, चकचकीत दवाखान्यात एकाच बैठकीत उरकले. दोन्ही दातांची नस मेलेली होती आणि दोन्हींच्या मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये काळी छाया, म्हणजे संसर्गाने हाड झिजल्याची खूण, दिसत होती, त्यामुळे तुलना अगदीच विजोड नाही. मात्र दाढेजवळ हिरडीवर पुटकुळी येऊन तिच्यातून अधूनमधून पू येत असे, उपदाढेला तसे काही नव्हते, एवढा फरक आधीच सांगून ठेवतो. दवाखान्यांची नावे देत नाही, कारण एकाबद्दल माझी तक्रार आहे आणि दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांना आपला गाजावाजा झालेला आवडत नाही.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी भूल देऊन दाढ उघडली, तेव्हा जी दुर्गंधी सुटली तिने मलाच लाजल्यासारखे झाले. दाढेभोवती त्यांनी हिरव्या रबराचा पातळ पडदा ताणून बसवला होता, म्हणजे तोंडातील लाळ आत जात नाही आणि आतले औषध घशात उतरत नाही. मग मुळांच्या नळ्या बारीक कानशींनी घासणे आणि सोडियम हायपोक्लोराइटने पुन्हा पुन्हा धुणे असे पाऊण तास चालले; कपडे शुभ्र करायच्या द्रावणाचा जो वास येतो, तोच हा. शेवटी त्यांनी सुईसारखी बारीक कागदी वात नळीत घालून बाहेर काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. ‘‘हे बघा, टोक अजून ओलं आणि पिवळट येतंय. वात कोरडी आल्याशिवाय मी दाढ बंद करत नाही,’’ एवढेच ते म्हणाले, आणि आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरून वर तात्पुरते सिमेंट लावले. हा लेप म्हणजे रसायन म्हणून पाहिले तर पानाला लावतो तोच चुना, फक्त शुद्ध केलेला. त्याचा सामू साडेबाराच्या आसपास असतो आणि इतक्या अल्कधर्मी जागेत बहुतेक जंतू तग धरत नाहीत. पू वाहत असूनही त्यांनी प्रतिजैविकाची एक गोळी दिली नाही. ताप नाही, गालावर सूज नाही आणि पुवाला वाट मिळालेली आहे, मग गोळ्या कशाला, हा त्यांचा हिशेब होता. पाचव्या दिवशी जीभ फिरवली तर पुटकुळी गायब होती.

खरे तर हे काम दोन बैठकींत संपायचे. तिसरी वाढली ती माझ्यामुळे. शेंगदाण्याची चिक्की त्याच बाजूने चावली आणि तात्पुरत्या सिमेंटचा तुकडा निघाला. त्यातून मार्चअखेरीची बँकेतील धावपळ, म्हणून चार दिवस तसाच हिंडलो. लाळ आत झिरपली, पुन्हा धुणे आले, पुन्हा चुना आला आणि आणखी दहा दिवस गेले. अनेक बैठकींच्या पद्धतीची खरी कमजोरी हीच आहे, असे मला तेव्हापासून वाटते. चुन्याचा लेप आपले काम करतो, पण वरचे झाकण कच्चे असते, आणि दुखणे थांबले की रुग्ण दवाखान्याचा रस्ता विसरतो. मेढ्याहून किंवा कोरेगावहून एसटीने येणाऱ्या, दिवसाचा रोज बुडवणाऱ्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणणे सोपे असते. तो येईलच असे नाही. तिसऱ्या बैठकीत वात कोरडी आली, नळ्या गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरल्या आणि दोन आठवड्यांनी कॅप बसली. रूट कॅनलचे साडेचार हजार आणि कॅपचे सहा हजार, हे आकडे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून मिळाले होते आणि शेवटपर्यंत तेच राहिले.

पुण्याच्या दवाखान्यात दारातच ‘एका दिवसात, वेदनारहित’ असा फलक होता. साधने उत्तम होती यात शंका नाही. निकेल-टायटेनियमच्या, यंत्रावर फिरणाऱ्या कानशी, नळीची लांबी मोजून टोक जवळ आले की टिकटिकणारे यंत्र, समोरच्या पडद्यावर क्षणात उमटणारा एक्स-रे, आणि रबराचा पडदा इथेही न सांगता लावला गेला. तरुण डॉक्टरांचा हात हलका होता. एक तास वीस मिनिटांत सफाई, भरणी आणि वरचे पक्के सिमेंट सगळे उरकले. दुखला तो जबडाच.

भूल उतरली आणि रात्री नऊच्या सुमारास ठणका सुरू झाला. दोन रात्री झोप नाही, वरचा दात खालच्याला टेकला तरी डोळ्यांत पाणी. फोन केला तर काउंटरवरील मुलगी दोन्ही वेळा ‘‘नॉर्मल आहे सर’’ म्हणाली. डॉक्टरांचा स्वतःचा फोन तिसऱ्या दिवशी आला, तोवर आयब्युप्रोफेनने जेमतेम निभावले होते. त्यांनी आधीच लिहून दिलेले पाच दिवसांचे प्रतिजैविक या दुखण्यावर फारसे उपयोगी नसते, हे मला नंतर कळले. पाचव्या दिवशी सगळे शांत झाले. माझी तक्रार ठणक्याबद्दल नाही. त्या फलकावरील ‘वेदनारहित’ या शब्दाबद्दल आहे, आणि उपचाराचे नऊ हजार सांगून कॅपचे बारा हजार खुर्चीत बसल्यावर सांगितले त्याबद्दलही.

ठणका अनपेक्षित नव्हताच, हे पुढे वाचनातून समजले. उपचारांवरील चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2022 साली या दोन पद्धतींवरील 47 चाचण्या पाहिल्या, तेव्हा दात टिकण्यात किंवा वर्षभरानंतरच्या एक्स-रेमधील अपयशात दोहोंत ठोस फरक आढळला नाही; पहिल्या आठवड्यातील दुखणे मात्र एका बैठकीच्या गटात अधिक जणांनी नोंदवले. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या वातीमागेही आधार आहे. स्वीडनमधील संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुळाशी संसर्ग असलेले 55 दात एकाच बैठकीत भरले होते, पण भरण्यापूर्वी नळीतील नमुना घेऊन ठेवला होता. पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर ज्या दातांच्या नमुन्यात जंतू सापडले नव्हते, त्यांपैकी 94 टक्के बरे झाले, आणि जंतू शिल्लक असलेल्यांपैकी 68 टक्के. यावरून मधल्या काळात चुना भरून ठेवावा असा सल्ला निघाला खरा, परंतु तोही सर्वच जंतूंना पुरून उरत नाही. एंटेरोकॉकस फेकॅलिससारखा चिवट जंतू त्याला दाद देत नाही. म्हणूनच पुढच्या चाचण्यांमध्ये जास्तीच्या बैठकींचा मोठा फायदा दिसला नसावा, असे माझे मत झाले आहे. नळी किती नीट धुतली, लाळ बाहेर ठेवली का आणि वरची भरणी किती घट्ट बसली, यांवर बैठकींच्या संख्येपेक्षा जास्त अवलंबून असते.

वर्षभरानंतरच्या एक्स-रेमध्ये उपदाढेच्या मुळाशी असलेली छाया निम्म्याहून कमी झाली आहे आणि दाढेची जवळजवळ भरून आली आहे. दोन्ही दातांनी भाकरी चावतो. गुण द्यायचेच तर साताऱ्याला पाचापैकी साडेचार, पुण्याला साडेतीन. अर्धा गुण साताऱ्याचा कापला तो तिथल्या प्रतीक्षेसाठी, कारण वेळ घेऊनही प्रत्येक खेपेस तासभर बाकावर बसावे लागले. पू वाहत असेल, वात ओली येत असेल किंवा चेहऱ्यावर सूज असेल, तर मी घाई करणाऱ्या डॉक्टरांकडे जाणार नाही. नळी कोरडी झाली असेल, रुग्ण लांबून येत असेल किंवा परत येण्याची खात्री नसेल, तर एकाच बैठकीत काम संपवणे शहाणपणाचे आहे आणि दोन रात्रींच्या ठणक्याची तयारी ठेवली म्हणजे झाले.

आता पत्नीची दाढ दुखते आहे. तिची नस जिवंत आहे, गार पाण्याने कळ येते, एक्स-रेमध्ये मुळाशी छाया नाही; अशा दातात संसर्ग मुळाच्या नळ्यांत खोलवर मुरलेला नसतो, त्यामुळे मध्ये चुना भरून थांबण्याचे कारण उरत नाही. म्हणून शनिवारी तिला पुण्याच्या त्याच दवाखान्यात नेतो आहे. कॅपचा दर या वेळी आधीच लिहून घेतला आहे.