कात्रण खरं होतं, तपासणी खोटी

आमची लेक सहा वर्षांची. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. उपचारांसाठी परळला आलो, धर्मशाळेत राहिलो. इंडक्शनचा, म्हणजे केमोच्या पहिल्या टप्प्याचा, महिना संपत आला होता, तेव्हा धर्मशाळेच्या दाराशी एकजण भेटला. गळ्यात लॅबचं कार्ड, बोलणं आपुलकीचं. "दादा, आजार उलटणार का हे आधीच सांगणारी तपासणी निघालीय. मायक्रो-आरएनए." त्यानं २०२४ च्या नोबेलचं कात्रण पुढं केलं, मायक्रो-आरएनए शोधणाऱ्या अँब्रोस आणि रुव्हकन यांच्या फोटोसकट. ते कात्रण खरं होतं, त्यामुळे मला शंकाच आली नाही. सोयाबीनच्या पैशांतले ३८,००० रुपये फोनवरून पाठवले.

रक्त त्यानं खोलीतच काढलं. पोरीच्या पांढऱ्या पेशी तेव्हा इतक्या खाली होत्या की आम्ही तिला बाहेरचं पाणीही देत नव्हतो, आणि मी स्वतः तिचा हात धरून ठेवला. हे आठवलं की आजही पोटात कालवतं. नळी शर्टाच्या खिशात टाकून तो गेला.

नऊ दिवसांनी रंगीत आलेख आला: 'हाय रिस्क'. दर महिन्याला तपासावं लागेल म्हणाला. बायकोनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

शेवटी रिपोर्ट घेऊन ओपीडीत गेलो. डॉक्टरबाईंनी बसवून नीट समजावलं. मायक्रो-आरएनए म्हणजे पेशीतल्या आरएनएचे जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे; त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत, पण ते जनुकांना लगाम घालतात. एएलएल आणि एएमएल (रक्ताच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार) यांच्यात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, हे २००७ सालीच दिसलंय. "पण ते अजून संशोधन आहे. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात, तुमची तर खिशातून गेली. यावरून आम्ही एकही औषध बदलत नाही." त्या बघतात ती एमआरडी: इंडक्शन संपल्यावर बोनमॅरोत कॅन्सरच्या पेशी किती उरल्या. ती तपासणी रुग्णालयातच झाली होती. लेकीचा आकडा ०.०१ टक्क्याच्या खाली होता, म्हणजे चांगला.

रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही नव्हती, नोंदणी क्रमांकही नव्हता. मी ते पाहिलंच नव्हतं. बाहेरच्या कुणालाही रक्त देण्याआधी आपल्या डॉक्टरांना एवढंच विचारा: याच्या निकालावर औषध बदलणार आहे का?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे आले नाहीत. त्याचा फोन बंद आहे. शेजारच्या खोलीत नांदेडचं कुटुंब होतं. त्यांच्या मुलाचा रिपोर्ट माझ्या लेकीच्या रिपोर्टशेजारी ठेवला, तर आलेख तोच, आकडेही तेच. त्यांनी दुसऱ्या महिन्याचेही पैसे भरले होते.