टॅपेटचा आवाज गेला, त्यासोबत ११,५०० रुपयेही

पहिलं बिल १,५५० रुपयांचं. टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप लावणं) १,२००, रॉकर कव्हरचं पॅकिंग ३५०. पॅकिंग बदललंच नव्हतं, कडेला जुन्या शेलॅकचा (पॅकिंग चिकटवायच्या लेपाचा) सुकलेला थर तसाच होता.

तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर नांगरटीवरून तापूनच आलेला. मिस्त्रीने कव्हर काढलं, इंजिन चालू ठेवलं आणि टकटक थांबेपर्यंत एकेक स्क्रू आवळत गेला. गॅप मोजायचं पात्यांचं फीलर गेज पेटीतून बाहेर आलंच नाही. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने एकदाही फिरवला नाही. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता! पण आवाज बंद झाल्यावर शंका कोण घेणार? जुने मिस्त्री कानानेच टॅपेट लावतात, हे आपण सगळेच ऐकत आलोय.

आवाज गेला कारण गॅपच उरला नाही. लोड आला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि सीटवर पुरता बसत नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच निघते. बसलाच नाही तर कड जळते. तीन आठवड्यांत सकाळचा स्टार्ट जड, पांढरा धूर, ओढ कमी. टॅपेट थोडा वाजलेला चालतो, दाबलेला चालत नाही.

खरं काम रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर होतं. एक नंबरचं सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दोन्ही रॉकर हाताने हलले पाहिजेत. नाही हलले तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा. गॅप मॅन्युअलमधला. बऱ्याच इंजिनांत तो ०.३० मिमीच्या आसपास असतो, पण अंदाज नको. गेजची पाती किंचित अडखळत सरकावी. लॉक नट आवळताना स्क्रूही फिरतो, म्हणून पाती पुन्हा घालून बघा. मग २४० अंश फिरवून फायरिंग ऑर्डरमधलं (सिलिंडर पेटण्याच्या क्रमातलं) पुढचं सिलिंडर. अर्ध्या तासात हे उरकत नाही.

दुसरं बिल ९,९५०: गॅसकेट सेट १,९५०, सहा व्हॉल्व्ह २,७००, सीट कटिंग-लॅपिंग १,८००, मजुरी ३,५००. आठ दिवसांनी इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा पाइप) काढून आत टॉर्च मारला, तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचं जाड किटण. म्हणजे एक्झॉस्टचे तीनच बदलले, पैसे सहाचे. काढलेले भाग जागेवरच ताब्यात घ्या. पक्कं बिल मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर एकाने ट्रॅक्टर धंद्याचा ठरवला. अहो, स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी वापरलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय! तेही आम्हीच वाचून दाखवायचं? मग अर्ज तीन प्रतींत, मग कच्चं बिल चालत नाही, मग साहेब दौऱ्यावर. शेवटी पुरावा म्हणून जुने व्हॉल्व्ह मागितले. ते मिस्त्रीने केव्हाच भंगारात घातले होते, आणि त्या भंगाराचे पैसेही त्याच्याच खिशात.