प्रबंध बांधायला टाकताय? आधी परिशिष्ट तपासा

आमच्या तालुक्याच्या गावी एसटी स्टँडासमोर, रसवंतीला लागून एक झेरॉक्स-डीटीपी सेंटर आहे. नाव लिहीत नाही. टायपिंग, बाइंडिंग आणि वर सोनेरी अक्षरं हे सगळं करणारं तालुक्यात ते एकच आहे, त्यामुळे ज्याला जायचंय त्याला सापडेलच.

मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. नोकरी, घर आणि निवडणुकीच्या ड्यूट्या सांभाळून सहा वर्षांत पीएच.डी. ओढत आणली. विषय होता उच्च प्राथमिकच्या मुलांची अभ्यासप्रेरणा. गेल्या जुलैत प्रबंध या दुकानात टाइप करून बांधून घेतला. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी भाव. मराठी टायपिंग पानाला २५ रुपये, झेरॉक्स २ रुपये, काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग सोनेरी अक्षरांसकट ३०० रुपये प्रत. यवतमाळला याहून स्वस्त होतं असं सांगणारे भेटतील. पण तिकडे दर दुरुस्तीला एक सुट्टी जाते, आणि एसटीत आम्हा बायांना अर्धं तिकीट असलं तरी सुट्टी काही अर्धी मिळत नाही. दुकानात इन्व्हर्टर आहे, लाइन गेली तरी काम थांबत नाही. बसायला दोन खुर्च्या आहेत. त्यातल्या एकीवर कायम कागदाचे रीम ठेवलेले असतात.

पाटीवर नाव भाऊंचं असलं तरी टायपिंग वहिनींच्या हातचं आहे, आणि या दुकानाला मी जे गुण देणार आहे ते बहुतेक त्यांचेच. हस्तलिखित समोर ठेवून नुसती बोटं चालवणारे टायपिस्ट मी पाहिलेत. वहिनी वाचतात. दुसऱ्या प्रकरणात त्या थांबल्या आणि विचारलं, "मॅडम, ह्या पोट्ट्यांले सर्टिफिकेट देल्यावर चित्रं कमी कशी काय काढली?"

ते १९७३चं संशोधन होतं, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत त्यांनी स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेनं ठेवली, या वेळी बक्षीस कुणालाच नव्हतं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं पेनांकडे इतरांच्या निम्म्यानंच वळली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड जशीच्या तशी होती.

वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे खेळनं होतं, त्याची मजुरी झाली." माझ्या मार्गदर्शकांना हे समजवायला मी अडीच पानं लिहिली होती. मग लगेच पुढचा प्रश्न. शाळेत पोरींना हजेरीचा रोजचा रुपया देतात, तो मग चुकीचा का? मला थोडं थांबून उत्तर द्यावं लागलं. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी असे १२८ प्रयोग एकत्र तपासले. त्यात कबूल केलेल्या बक्षिसानं आवड घटलेली दिसली, पण ती जिथे मुळात आवड होती तिथे. कंटाळवाण्या कामाची आवड काय घटणार? आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जी पोरगी आईसोबत वावरात जाऊन किलोवर पैसे आणू शकते, तिचा तो रुपया बक्षीस नाहीच. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणावी, तर तीही नावापुरती. वहिनींनी मान डोलावली, पण पटलं की नाही ते कळलं नाही. त्यांचा मुलगा मोबाईल हातात दिल्याबिगर पाढे म्हणत नाही, त्यांना त्यावरचा उपाय हवा होता. तो माझ्या प्रबंधात नव्हता.

आता दुकानाचे दोष. टायपिंग कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होतं. विद्यापीठाला फाइल हवी युनिकोडमध्ये, म्हणून भाऊंनी कन्व्हर्टरमधून काढली. त्यात रफार सगळे जागचे हलले. 'विद्यार्थी'चा झाला 'विद्याथर्ी'. विद्यार्थ्यांवरच्या प्रबंधात! २१२ पानं आणि प्रत्येक पानावर पाच-सात विद्याथर्ी दात विचकून उभे. वहिनींनी दोन रात्री बसून ते निस्तरलं, वेगळे पैसे न घेता. तुम्ही जाल तेव्हा पहिल्याच दिवशी 'युनिकोडमध्येच टाइप करा' म्हणून सांगा. त्यांना येतं, फक्त सवय नाही.

दुसरा दोष मोठा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीक विम्याची मुदत संपत होती. दुकानात पाय ठेवायला जागा नाही; सातबारा, आधार, पासबुक घेऊन माणसं रसवंतीपर्यंत उभी. त्या गर्दीत भाऊंनी माझ्या पाच प्रती बांधल्या आणि मी त्या न उघडता घरी आणल्या. रात्री सोनेरी अक्षरांवरून हात फिरवत चाळायला घेतलं, तर 'परिशिष्ट ब' भलतंच. तिथे माझी प्रश्नावली हवी होती. रायन आणि कॉनेल यांच्या १९८९च्या मोजपट्टीवरून मी ती मराठीत बेतली होती: मी गृहपाठ करतो, कारण... सर रागावतील म्हणून, नाही केला तर मलाच वाईट वाटतं म्हणून, मला समजून घ्यायचं असतं म्हणून, मजा येते म्हणून. (एका पोरानं चारही पर्याय सोडून खाली लिहिलं होतं, 'नाही केला तर बाबा निंदायला नेतात', म्हणजे तण काढायला. त्याला कोणत्या खान्यात टाकायचं यावर मी दोन दिवस घालवले.) त्या जागी होती १४ पानांची पुस्तिका: 'कंपवाताच्या रुग्णाची घरी काळजी'. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध त्याच दिवशी बांधायला आला होता. प्रबंध इंग्रजीत, पण नातेवाइकांसाठीची पुस्तिका मराठीत आणि तीही परिशिष्ट ब.

दुसऱ्या दिवशी तावातावानं गेले. भाऊ शांतपणे म्हणाले, "दोन्हीत परिशिष्ट ब होतं मॅडम. मले काय मालूम कोनतं कोनाचं?"

पण त्या रात्री ती १४ पानं मी वाचून काढली होती, कारण आमच्या घरी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हाच कंपवात, पार्किन्सन्स, आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरला धंतोलीत निदान झालं. हाताचं थरथरणं सगळ्यांना दिसत होतं. बाकीचं आम्ही म्हातारपणावर ढकललं होतं. पीककर्जाच्या कागदावर त्यांची सही मुंगीएवढी व्हायला लागली, तेव्हा मी चष्म्याचा नंबर बदलून आणला. त्या पुस्तिकेत सरळ लिहिलेलं होतं की अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचंच लक्षण आहे.

जास्त झोंबलं ते पुढचं पान. वर्षभरापासून मामाजी ओट्यावर बसून राहत. वावराचं नाव काढत नसत, बैलांचं विचारत नसत, पोळ्यालाही उठले नाहीत. घरात मी प्रेरणेची डॉक्टर होणार! भिंतीवर तक्ता लावला: मारुतीच्या देवळापर्यंत चालून आले की एक बरोबरची खूण, सात खुणा झाल्या की रविवारी जिलेबी. प्रबंधात ज्या चांदण्यांवर टीका केली, त्याच चांदण्या घरात चिकटवल्या. तक्ता कोराच राहिला आणि मी मनातल्या मनात त्यांना आळशी ठरवून टाकलं. पुस्तिकेत होतं की या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हे द्रव्य हालचालीला लागतं, तसंच एखादी गोष्ट 'चला, करू' म्हणून सुरू करायलाही लागतं. म्हणून अशा माणसाचं कशातच मन न लागणं हा आळस नसतो, आणि दर वेळी ते दुःखही नसतं. त्याला विचारत बसू नका, लालूच दाखवू नका. काम तुम्ही सुरू करा आणि त्याला सोबत घ्या. जेम्स पार्किन्सननं १८१७ मध्ये या आजारावर पुस्तिका लिहिली. त्यालाही दोनशे वर्षं होऊन गेली, आणि मला ते कळलं बाइंडिंगच्या चुकीतून.

आणखी दोन गोष्टी तिथे सापडल्या. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली की नीट शोषली जात नाही. आम्ही ती वरण-भात आणि दह्याच्या वाटीसोबत नेमानं देत होतो. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी जेवणाआधी अर्धा तास अशी वेळ बदलून दिली. (गावात कुणी खाजकुयलीच्या बिया सुचवल्या होत्या. त्यात लेव्होडोपा असतं हे खरं आहे, पण गोळी चालू असताना मनानं देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले.) दुसरी गोष्ट दारातल्या अडकण्याची. फरशीवर चालता चालता मामाजींचे पाय उंबऱ्यापाशी चिकटायचे, पण वावरात सऱ्या ओलांडताना कधी अडकले नाहीत. आम्ही म्हणायचो, मनात असलं की बरोबर चालतात. पुस्तिकेत लिहिलं होतं, जमिनीवर आडव्या रेघा असल्या की पाय सुटतो. शाळेचा खडू घेतला आणि दारापासून मोरीपर्यंत फुटाफुटावर आडव्या रेघा ओढल्या. मामाजी बघत उभे होते. म्हणाले, "सूनबाई, घरात वावर केलं का तू?" आणि ओलांडत गेले. रेघा रोज पुसल्या जातात, रोज ओढते. पोळ्यापर्यंत ऑइलपेंट आणू म्हणतोय.

भाऊंनी पाचही प्रती फाडून पुन्हा बांधून दिल्या, फुकट, पण तीन दिवस लावले. विम्याची गर्दी आधी आणि मी नंतर. माझी मुदत एका दिवसानं वाचली. त्या विद्यार्थिनीचा नंबर दुकानाच्या वहीत होता. आम्ही रसवंतीवर भेटून परिशिष्टांची अदलाबदल केली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी तिला विचारलं होतं म्हणे, 'तुझ्या रुग्णांना गृहपाठ कधीपासून द्यायला लागलीस?'

तर पाचपैकी साडेतीन. वहिनींना पाच, कन्व्हर्टरला शून्य, भाऊंना जो उरेल तो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. परिशिष्टांच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपलं आडनाव लिहून द्या, आणि दुकानातच, त्यांच्यासमोर, एकेक प्रत उघडून बघा. त्या मुलीच्या परवानगीनं पुस्तिकेच्या २० झेरॉक्स मी तिथेच काढल्या, गावात आणि आरोग्य उपकेंद्रावर द्यायला. २८० पानं. वाटलं होतं, एवढं झाल्यावर भाऊ पानामागे आठ आणे तरी कमी करतील. ५६० रुपये मोजून घेतले.