एमजीबीचा क्लच स्लेव्ह सिलिंडर: 8 महिने आणि 4,500 मैलांनंतर

एमजीबी ही एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ही गाडी इंग्लंडमधली, उजव्या स्टिअरिंगची, चारही गिअरना सिंक्रो (गिअर न खरडता पाडणारी यंत्रणा) असलेल्या गिअरबॉक्सची. क्लचचं पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळीतून तेल ढकलतो, त्या तेलाने गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरची दांडी सरकते आणि क्लच सुटतो. बदललेले भाग: स्लेव्ह सिलिंडर, त्याची लवचिक नळी, पेडलकडची पिन आणि दोन महिन्यांनी मास्टर सिलिंडर. एमजीबी 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं बनली, त्यामुळे भाग आजही सहज मिळतात. दुकानातून काय आणायचं हा प्रश्नच नाही, मुळात बिघडलंय काय हे ओळखण्यातच खरं काम आहे.

लक्षणं नेहमीचीच. रिव्हर्स टाकताना कर्र आवाज, पेडल पूर्ण दाबूनही गाडी किंचित पुढे सरकणं, दोनदा पंप केलं की गिअर नीट पडणं. इथे लगेच स्लेव्ह मागवू नका. आधी एक पट्टी घ्या, गाडीखाली जा आणि दुसऱ्या माणसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. स्लेव्हची दांडी साधारण अर्धा इंच, म्हणजे 12–13 मि.मी. सरकली पाहिजे. तेवढी सरकत असेल आणि तरी क्लच सुटत नसेल, तर दोष हायड्रॉलिकमध्ये नाही. तो क्लच प्लेट, बेअरिंग किंवा फोर्कमध्ये आहे आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं.

दांडी कमी सरकते आहे? मग स्लेव्हचं रबरी बूट मागे सारून बघा. आत तेल असेल तर स्लेव्हचं सील गेलं. पेडलच्या दांडीवरून ओघळ गालिच्यावर येत असेल, पेडल बॉक्सचा रंग फुगून सुटत असेल, तर मास्टर गळतोय. दोन्हीकडे कोरडं, तेलाची पातळी जागच्या जागी, पण पेडल धरून ठेवलं की क्लच हळूहळू पकडायला लागतो, असं असेल तर मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. ही गळती बाहेर कुठेच दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त फसवते.

आता पिनबद्दल, कारण याच ठिकाणी लोक पैसे वाया घालवतात. मास्टरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा. क्षेत्रफळाचं गुणोत्तर 2.78 येतं. म्हणजे स्लेव्ह 13 मि.मी. सरकायला मास्टरचा पिस्टन सुमारे 36 मि.मी. ढकलावा लागतो. पेडल आणि मास्टरची दांडी जोडणारी पिन आणि पेडलचं भोक झिजून 3 मि.मी. ढिलाई आली, तर स्लेव्हपाशी 1 मि.मी.हून जास्त हालचाल कायमची जाते. उलट स्लेव्हकडच्या पिनची झीज स्लेव्हमधली स्प्रिंग स्वतःच भरून काढते. तिथली पिन गाडीखाली सरकलं की हाताला लागते म्हणून सगळे तीच बदलतात आणि फरक काहीच पडत नाही. या गाडीत पेडलचं भोक लंबगोल झालं होतं. वेल्डिंगने भरून पुन्हा पाडल्यावर पेडलची वरची मोकळी चाल गेली. एकूण कामात सर्वांत जाणवणारा फरक हाच.

स्लेव्ह काढताना नळीला पीळ बसू देऊ नका. बोल्ट सोडण्याआधी नळीचं टोक स्लेव्हवर पाव फेरा सैल करा, मग दोन बोल्ट काढा आणि नळी स्थिर धरून स्लेव्हच फिरवून काढा. जोडताना तांब्याचा वॉशर नवा. स्लेव्ह सुटा असताना पेडलला कुणाचा पाय लागता कामा नये, पिस्टन उडून बाहेर येतो.

रबर किट (फक्त सील बदलायचं) की नवा सिलिंडर? बोअर आरशासारखा असेल तर किट पुरतं. पण आत नख फिरवून बघा. पिस्टन रोज जिथे चालतो तो भाग चकचकीत असतो आणि त्याच्या पलीकडे, खोलवर, गंजाचे बारीक खड्डे असतात. ग्रॅफाइटचं क्लच बेअरिंग झिजत जातं तसा पिस्टन बाहेर सरकतो. नवं बेअरिंग घातलं की तो पुन्हा त्या खड्ड्यांवर जाऊन बसतो. नव्या क्लचनंतर महिनाभरात स्लेव्ह गळायला लागतो तो यामुळे. खड्डे दिसले तर किटवर पैसे घालवू नका.

हवा काढणं हे या गाडीचं खरं दुखणं. पेडल मारून स्लेव्हवरच्या निपलमधून (हवा सोडायच्या तोटीतून) काढायला गेलं तर वर चढणाऱ्या नळीत बुडबुडा अडकून राहतो. खालून वर भरा: स्वच्छ तेलकुपीला पारदर्शक नळी लावून निपलमधून तेल हळूहळू वर ढकला. पेडल पूर्ण वर असायलाच हवं, नाहीतर मास्टरमधलं परतीचं भोक बंद राहतं. मास्टरची टाकी भरून वाहू नये म्हणून आधी अर्धी रिकामी करा, सांडलं तर रंग जातो. शेवटी स्लेव्हची दांडी हाताने आत दाबा, उरलेले बुडबुडे वर येतात. तेल म्हणजे सीलबंद बाटलीतलं डॉट 4 ब्रेक फ्लुइड, सिलिकॉनचं डॉट 5 त्यात कधीही मिसळू नये.

आठ महिन्यांनंतर स्लेव्हचं बूट कोरडं आहे, दांडी 13 मि.मी. सरकते. स्टीलची वेणी असलेल्या नळीने पेडल किंचित घट्ट झालं, पण त्यासाठी जुनी रबरी नळी फेकायची गरज नव्हती. ती आतून फुगून तेल परत सोडत नसेल, पेडल सोडल्यावरही क्लच घसरत असेल, तरच बदला. स्लेव्ह बदलल्यावर मास्टर दोनच महिने टिकला. दोन्ही एकाच वेळी घेतले असते तर हवा काढण्याची कटकट एकदाच झाली असती. नव्या मास्टरची दांडी बसवण्याआधी जुन्या दांडीशी शेजारी ठेवून मोजा, पहिल्यांदा आलेल्या मास्टरची दांडी आखूड होती आणि तो परत पाठवावा लागला.

टाकीतलं तेल सहा महिन्यांत जरा काळपट झालंय. नव्या सीलची पूड असते ती, वर्ष भरलं की एकदा सगळं बदलायचं.