विशबोन घ्यावी की चंडीगडची?

जेवणाच्या टेबलाशी 1950 च्या दशकातल्या घाटाची खुर्ची हवी, एवढं ठरलं की माझ्या मते निवड दोघींतच उरते: डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची विशबोन, नाहीतर चंडीगड शहर उभारताना तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिएर जानरेने केलेली सागवानी खुर्ची. लोक लाकूड आणि पॉलिशवर तासभर बोलतात. मी आधी बैठक बघते, कारण खुर्ची पहिला दगा तिथेच देते.

विशबोनची बैठक कागदी दोरीची. हो, कागदाचीच, घट्ट पीळ दिलेली, एका बैठकीला साधारण 120 मीटर लागते. बोटाने दाबली तर नव्या विणलेल्या बाजेसारखी लागते आणि वर्षानुवर्षं टिकते. पण आमटी सांडली की हळदीचा डाग दोरीत मुरतो. आणि ती तुटलीच, तर तशी दोरी मिळवण्यापासून तयारी.

जानरेच्या बैठकीला आणि पाठीला वेताची जाळी. उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो, सांडलेलं पुसलं जातं. जाळी सैल पडली तर खालून ओला स्पंज फिरवा, सावलीत वाळू द्या, पुन्हा ताणून बसते. फक्त पंखा पुसायला तिच्यावर चढू नका. टाच आत गेली की सगळी जाळी नव्याने. ती विणणारे मात्र आपल्याकडे अजून सापडतात. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी वेताच्या खुर्च्या अंध कारागिरांनीच विणल्या आहेत.

बसायला विशबोन सरस. तिचे हात अर्ध्यावरच संपतात, त्यामुळे एक पाय वर घेऊन ऐसपैस बसता येतं. जानरेची मुळात कचेरीतली. जड, आणि बसवते ताठ.

नक्कल ओळखायची तर विशबोनची वरची कमान बघा. वाफेवर वाकवलेलं ते एकच लाकूड असतं. मध्ये जोड दिसला तर सोडून द्या. चंडीगडच्या खुर्च्या वेगवेगळ्या कारखान्यांत झाल्या, तिथे ही खूण चालत नाही. भंगारात निघालेल्या त्या खुर्च्या पुढे परदेशी लिलावांत लाखांना गेल्या, म्हणून पाठीमागे रंगवलेला खात्याचा नंबर दाखवून कोणी ‘जुनी’ विकत असेल तर हुरळू नका. स्टेन्सिल कोणीही मारतं. त्यापेक्षा चांगल्या सुताराकडून नवी करून घ्या, आणि तयार जाळी खाचेत ठोकायची नाही, भोकांतून हाताने विणायची, हे आधीच बजावा.

घरात लहान मुलं असतील तर मी जानरेच घेईन. मात्र ऑर्डर देण्याआधी टेबलाखालच्या पट्टीची उंची मोजा. दोघींनाही हात आहेत, आणि आत न सरकणारी खुर्ची छोट्या घरात रोज गुडघ्याला लागते.